योनसिमच्या नावावर

इंचॉन
१४ ऑक्टोबर १९८५

योनसिमच्या आई यांना नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही. मी मून गिसुक. टेकडीवरच्या वस्तीत, चर्चच्या मागच्या खोलीत, शाळा सुटल्यावर मुलांचा अभ्यास घेते. आईबाप कारखान्यात आणि पोरं रस्त्यावर अशी इथली तऱ्हा, म्हणून आम्ही तिघी मैत्रिणींनी ही अभ्यासखोली काढली. शिकवण्यांवर सरकारची बंदी असल्यामुळे मधूनमधून कुणीतरी सरकारी माणूस चौकशीला येतो आणि आम्ही फुकट शिकवतो यावर विश्वास न ठेवताच परत जातो. तुमची मुलगी एप्रिलपासून आमच्याकडे येते. पत्ता तुमच्या जाऊबाईंकडून घेतला. त्या म्हणाल्या, "पत्र कशाला लिहिताय? ती काय बुसानहून उडत येणारेय?" उडत येऊ नका, पण उत्तर तरी पाठवा.

मला गोड बोलता येत नाही, तेव्हा सरळ लिहिते. योनसिम तिसरीत आहे आणि तिसरीतलं तिला काही म्हणजे काही येत नाही. भागाकार सोडाच, हातचा घेऊन वजाबाकीसुद्धा जमत नाही. श्रुतलेखनात शंभरपैकी शून्य, फार तर दहा. नाव पुकारलं तर खिडकीबाहेर बघत बसते आणि दुसऱ्या हाकेला दचकते. परवा तिच्या शाळेतल्या प्यो गुरुजींनी वर्गात विचारलं, "तू कुठल्या प्राण्याच्या वर्षाची गं?" सगळी पोरं शहात्तरची, ड्रॅगनच्या वर्षाची, आणि ही म्हणाली, "मी घोडा." वर्ग खिदळून खिदळून दमला. "जिला आपलं जन्माचं वर्ष सांगता येत नाही तिच्यापुढे मी किती डोकं फोडू?" असं गुरुजींनी मलाच ऐकवलं.

मार्चमध्ये शाळेचं नवं वर्ष सुरू झालं की तिला वेगळ्या वर्गात घालायचं त्यांनी ठरवलं आहे. तो वर्ग मी बघून आले. जिन्याखालची खोली आहे. मुलं दिवसभर रंगीत कागद कापतात आणि त्यांच्या बाई स्वेटर विणतात. तिथून कुणी परत वर आल्याचं शाळेत कुणाला आठवत नाही.

त्यासाठी पालकाची संमती लागते. शाळेनं बोलावलं तेव्हा तुम्ही आला नाहीत. आता तरी या. मी तिला त्या जिन्याखाली जाऊ देणार नाही, पण जिची आईच गप्प बसली आहे तिच्यासाठी मी एकटीनं किती भांडायचं?

मून गिसुक


बुसान
२३ ऑक्टोबर

मास्तरीणबाईंना,

थंडी सुरू झाली आहे. टेकडीवर वारा लागत असेल, जपा.

मी बुटांचे तळवे चिकटवते. इथे सुट्टी मागितली की कायमचीच मिळते, म्हणून आले नाही. तिचे वडील वारल्यावर तिला दिरांच्या घरी ठेवलं. दीर सौदीला रस्ते बांधतात. जाऊबाई चार वर्षांपूर्वी या घरात आल्या, बाई तोंडाच्या फटकळ आहेत पण पोरीला उपाशी ठेवत नाहीत. मला लेकीची पर्वा नाही असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या. तुमच्या समजुती बदलायला मी बुसानहून येऊ शकत नाही.

पण पोरगी मंद नाही. सुगीच्या सणाला गेले होते तेव्हा आम्ही सागरगोटे खेळलो. तिनं मला हरवलं, वर म्हणाली, "आई, मोजताना दोन खाल्लेस तू." खाल्ले होते खरे. अशा मुलीला वजाबाकी येत नाही म्हणता?

घरी तिला आम्ही दाल्ले म्हणतो. दाल्ले म्हणजे वसंतात माळावर उगवते ना, लसणीच्या वासाची, ती भाजी. लहानपणी तशीच इवलीशी आणि तिखट होती. त्या नावानं हाक मारा, पहिल्या हाकेला वळेल. ऐकलं नाही तर मारा, माझी हरकत नाही.

तेवढं त्या वर्गात जाऊ देऊ नका. हात जोडते.

छन मालसुन


इंचॉन
२५ नोव्हेंबर

योनसिमच्या आई,

मारून अभ्यास येत असता तर प्यो गुरुजींचा अख्खा वर्ग एव्हाना कॉलेजात पोचला असता. आमच्याकडे मार मिळत नाही, उकडलेली रताळी मिळतात.

तुमचं ऐकून दाल्ले म्हणून हाक मारली. मान इतकी चटकन वळली की मीच दचकले. मग मी तिसरीची पुस्तकं बाजूला ठेवली आणि पहिलीपासून सुरू केलं. तिला त्याची लाज वाटेल असं वाटलं होतं. उलट बाईसाहेब स्वतःहून पहिलीच्या पोरांच्या चटईवर जाऊन बसल्या. तिथे तिचंच राज्य आहे. सगळ्यांच्या आधी उत्तर, वर शेजारच्या पोराला टपली, "हातचा कुठे ठेवलास? घरी विसरलास?" गेल्या आठवड्यात शाळेच्या श्रुतलेखनात तीस मिळाले. गुरुजींना वाटलं कॉपी केली.

एक गंमत सांगते. शनिवारी सगळ्या वस्तीनं हिवाळ्याची किमची घातली. बायका कोबीला मसाला चोळत होत्या आणि आमची फौज लसूण सोलत होती. दाल्लेनं कच्चा मुळा पळवून कडकन चावला आणि वरचा पुढचा दात मुळ्यातच राहिला. आधी रक्त, मग रडारड, मग हसू. अंगणात जाऊन दात छपरावर फेकला आणि जुना घेऊन नवा दे म्हणून पाखराच्या नावानं सगळ्यांनी ओरडून घेतलं. तिच्या वर्गातल्या पोरी चिडवायला लागल्या, "आमचे तर केव्हाच पडून आले!" बिचारीचं सगळंच उशिरा, दातसुद्धा. खाणंपिणं कमी पडत असावं. जाऊबाईंशी बोलेन म्हणते.

सोबत शाळेचा संमतीचा कागद आहे. नियम म्हणून पाठवते. 'मान्य नाही' एवढं लिहा, खाली सहीच्या जागी तुमचा शिक्का मारा आणि सुट्टी लागायच्या आत परत पाठवा. पुढचं मी बघते.

मून गिसुक


बुसान
६ डिसेंबर

मास्तरीणबाईंना,

कागद परत पाठवला आहे. 'मान्य आहे' लिहून शिक्का मारला आहे. बसू द्या तिला त्या वर्गात. कागद कापले म्हणून कुणी मरत नाही.

तिच्या दाताबद्दल आणि वयाबद्दल शाळेत कुणाशी बोलू नका. जाऊबाईंशीही नको. लहान चणीची पोरं असतात. तुम्ही तिच्यासाठी खूप केलंत, आता पुरे.

छन मालसुन


इंचॉन
११ डिसेंबर

योनसिमच्या आई,

तुमचा कागद मी शाळेत दिलेला नाही आणि देणारही नाही. गुरुजींना सांगितलं, टपाल उशिरा येतंय. वाटल्यास माझी तक्रार करा.

पत्र वाचून आधी तुमच्यावर भयंकर चिडले. ऑक्टोबरात हात जोडणारी आई डिसेंबरात शिक्का मारून मोकळी होते, ही कसली आई, असं खोलीतल्या बाकीच्या दोघींसमोर बोलून दाखवलं. मग पत्र पुन्हा वाचलं. मी तुम्हाला दाताबद्दल लिहिलं होतं. वयाबद्दल मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. ते तुम्ही लिहिलंत.

तेव्हापासून मी पहिलीच्या चटईकडे नुसती बघत बसते आहे. त्या चटईवर एकाही पोराला पुढचे दात धड नाहीत. हसली की सगळ्यांची बोळकी दिसतात, आणि त्यात दाल्लेचं बोळकं अगदी शोभून दिसतं. उंची तेवढीच. दुपारी पेंगायची वेळही तीच. मी तिला जवळ घेऊन विचारलं, "घोड्याच्या वर्षाची, हे तुला कुणी सांगितलं?" म्हणाली, "आईनं. बाकी कुणाला माहीत नाही, म्हणून हसतात."

पहिलीची पोरं अठ्ठ्याहत्तरची, घोड्याच्या वर्षाची आहेत.

आम्ही सगळे हसलो आणि ती पोरगी खरं बोलत होती. आता तुम्ही बोला. दाल्ले किती वर्षांची आहे? आणि शाळेच्या कागदावरची योनसिम कोण?

मून गिसुक


बुसान
२९ डिसेंबर

मास्तरीणबाई,

तुमचं पत्र पुष्कळ दिवस उशाखाली ठेवलं होतं. खोलीतल्या बायकांना वाटलं, मालसुनला कुणीतरी पुरुष पत्र लिहितो आहे. त्यांना तसंच वाटू दिलं.

योनसिम माझी थोरली. ड्रॅगनच्या वर्षाची. आमच्या गावात, सोलग्यात, मूल गोवरातून निभावल्याशिवाय कचेरीत नोंदवत नाहीत. पण पहिलं लेकरू, तिच्या बापाला धीर कुठला! दुसऱ्या दिवशी चिखल तुडवत जाऊन नाव घालून आला. घरचे हसले त्याला. दोन वर्षांनी दाल्ले झाली तेव्हा शहाणपण आलं होतं, म्हणून तिला नोंदवलं नाही. पुढच्या हिवाळ्यात गावात गोवर आला. दोघींनाही झाला. जिची नोंद नव्हती ती राहिली. जिची होती ती गेली. तीन वर्षांची होती.

लहान मूल गेलं तर त्याच्या नावानं आमच्याकडे काही करत नाहीत हे तुम्हाला माहीतच आहे. कबरीचा उंचवटा नाही, तिथी नाही, पान मांडणं नाही. सासऱ्यांनी तिला पाठीवर घेतलं आणि डोंगरात जाऊन एकटेच परत आले. कुठे ठेवलं ते सांगितलं नाही. मी मागोमाग जाऊ नये म्हणून. नंतर म्हणाले, कचेरीत एक नाव आहे आणि घरात एक मूल आहे, कशाला खाडाखोड? शाळेचं बोलावणं योनसिमच्या नावानं आलं तोवर तिचे वडीलही गेले होते. मला कामाला बाहेर पडायचं होतं. दुपारपर्यंत पोरगी कुणाच्यातरी नजरेखाली राहील म्हणून पाठवली. गुन्हा केला असं मला वाटत नाही. तेव्हा तुम्ही असतात तर काय वेगळं केलं असतंत?

पण एक सांगते. योनसिमचा फोटो नाही, कपडा नाही, जागा नाही. त्या नोंदीत तिचं नाव आहे, तेवढंच. गावात सगळे मला दाल्लेची आईच म्हणायचे. आणि मग तुमचं पत्र आलं, वर लिहिलेलं, योनसिमच्या आई. कितीतरी वर्षांनी मला कुणी तशी हाक मारली. तुमचं पत्र आलं की मी आधी तेवढीच ओळ वाचत असे, बाकीचं जेवणाच्या सुट्टीत.

ते नाव मी माझ्या तोंडानं खोडायला सांगू? आणि खोटं चालवलं म्हणून पोलिसांनी धरलं तर दाल्लेला कोण? म्हणून शिक्का मारला. जिन्याखालच्या वर्गात कुणी दात बघत नाही.

छन मालसुन


इंचॉन
६ जानेवारी १९८६

मालसुनताई,

आता मी तुम्हाला ताईच म्हणणार. तुमचं पत्र वाचून खूप रडले. रडून झाल्यावर कोट चढवला आणि कचेरीत गेले.

नाव-गाव न सांगता विचारून आले आहे. पोलीसबिलीस काही नाही. अशी प्रकरणं त्यांच्याकडे वरचेवर येतात. कारकून म्हणाला, "तुमच्या ओळखीच्या बाईंना सांगा, त्या काही एकट्या नाहीत." थोडा दंड पडतो. मूळ गावच्या कचेरीत जाऊन थोरलीच्या मृत्यूची आणि धाकटीच्या जन्माची नोंद करायची. गावातल्या दोन माणसांनी साक्ष द्यायची. तो दाखला मिळाला की शाळेला तिला दुसरीत बसवावंच लागेल, तिच्या वयाच्या पोरांबरोबर. मी हेडमास्तरांकडून हे वदवून घेतलं आहे. त्यांच्या दारात बसून राहिले, चहा तीनदा गार झाला त्यांचा.

दाल्ले मंद नाही ताई, लहान आहे. दोन वर्षांनी मोठ्या पोरांमागे ती धावत होती आणि आम्ही सगळे, मी धरून, तिला म्हणत होतो की तुला पळता येत नाही.

आता कडू बोलते. एका मुलीचं नाव जपायला दुसरीला जिन्याखाली ठेवायचं, हे मला पटत नाही. तुम्हालाही पटत नाही, नाहीतर तुम्ही मला खरं लिहिलंच नसतं. माझ्यावर रागवा, पण या. आणि दाल्लेला तुम्हीच सांगा. ते माझं काम नाही.

तुमचा शिक्क्याचा कागद मी शेगडीत घातला.

गिसुक


बुसान
१५ जानेवारी

गिसुकबाई,

रागावले. फेब्रुवारीत, चांद्र नव्या वर्षाच्या सुट्टीत येते. मीच सांगते तिला.

मालसुन


इंचॉन
१४ फेब्रुवारी

मालसुनताई,

तुम्ही मंगळवारच्या गाडीनं गेलात. जाताना मागे वळून बघितलं नाहीत ते बरं केलंत, नाहीतर आम्ही दोघीही रडलो असतो आणि जाऊबाईंनी ते वस्तीभर केलं असतं.

तुम्ही सांगितलंत तेव्हा दाल्ले एक शब्द बोलली नाही, म्हणून तुम्ही घोर लावून घेतला होता. बोलली ती नंतर. दुसऱ्या दिवशी खोलीत आली आणि पहिल्यांदा काय विचारलं असेल? "बाई, नव्या वर्षाला भाताच्या वड्यांचं सूप खाल्लं की एक वर्ष वाढतं ना? मग माझी दोन वर्षं कमी झाली, तर दोन वाट्या परत द्यायच्या का?" मी म्हटलं, पोटात गेलेलं कुणी परत मागत नाही. त्यावर ती खूश झाली आणि रताळं मागून घेतलं.

मला वाटलं, संपलं. पण रताळं खाऊन झाल्यावर दप्तरातून श्रुतलेखनाच्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या आणि चटईवर मांडल्या. प्रत्येकीवर वर योनसिमचं नाव आणि खाली लाल शून्य. मग म्हणाली, "हे सगळे ताईच्या नावावर गेले?"

मी म्हटलं, "अगं, तिला काय कळतंय."

इतकी चिडली माझ्यावर! "तुम्हाला कसं माहीत? तिनं काही केलं नाही आणि शून्य तिला! मला कुणी असं केलं तर मी चावेन." मग नाक पुसून म्हणाली, "आई नाव परत द्यायला जाणारेय ना? असं घाण करून नाही द्यायचं. एकदा शंभर मिळवते, मग द्या."

ताई, तिची गेल्या खेपेची मजल साठ आहे. शाळा २२ तारखेला बंद होते आणि त्याआधी तिसरीचं एकच श्रुतलेखन उरलं आहे. मी तिला समजावलं की गरज नाही, नाव तसंही जाणारच आहे. ती ऐकत नाही. शाळेतून आली की पुस्तक उघडते आणि पहिलीच्या पोरांना वाक्यं वाचायला लावते. ती अडखळत वाचतात, ही त्यांच्यावर ओरडते, मग लिहिते. कोण कुणाला शिकवतंय देव जाणे.

तेव्हा विनंती अशी, की गावी जायचं २२ नंतर ठेवा. जमेल का?

गिसुक


बुसान
१८ फेब्रुवारी

गिसुकबाई,

रजा २० तारखेची मिळाली होती. मुकादमाला जाऊन म्हटलं, २६ ची हवी. म्हणाला, "तुझ्या सोयीनं कारखाना चालवू का?" मी म्हटलं, "नका चालवू, मी तशीही जाणारच आहे, परत आल्यावर काढायचं तर काढा." चिकटवणाऱ्या बाकीच्या बायकांनी हात थांबवले आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मिळाली २६ ची.

मी योनसिमला कधी रागावले नव्हते की कधी तिचं कौतुक करायची वेळ आली नव्हती. एवढीशी तर होती. दाल्लेला सांगा, आई थांबली आहे. शंभर नाही मिळाले तरी रागावणार नाही. नको, हे दुसरं वाक्य सांगू नका, मग ती ढिली पडेल.

मालसुन


इंचॉन
२२ फेब्रुवारी

मालसुनताई,

घाईत लिहिते, हे आजच्या टपालानं निघायला हवं.

गुरुवारी श्रुतलेखन झालं. नव्वद. एका वाक्यात चुकली. वर्गात टाळ्या पडल्या, प्यो गुरुजींनी पाठ थोपटली, आणि ही तोंड पाडून खोलीत आली. आम्ही सगळ्यांनी नव्वद किती मोठे असतात ते सांगून पाहिलं. पहिलीच्या एका पोरानं तर तिला आपलं रताळं दिलं. तिनं ते घेतलं नाही. तेव्हा मला कळलं की काम कठीण आहे.

आज शाळेचा शेवटचा दिवस. निकाल वाटून झाले, पोरं ओरडत बाहेर पडली. मी फाटकाशी तिची वाट बघत होते. येईना म्हणून आत गेले तर ही शिक्षकांच्या खोलीत प्यो गुरुजींच्या टेबलापुढे उभी. वर्गात नाव पुकारलं तर न वळणारी पोरगी. आणि ठणठणीत आवाजात, "गुरुजी, पुन्हा घ्या."

"अगं, वर्ष संपलं. आणि नव्वद मिळाले की तुला."

"ताईला नव्वद नको."

सगळी खोली बघायला लागली. गुरुजींना हेडमास्तरांकडून सगळं कळलेलं होतं. माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. मला वाटलं, आता हाकलतील. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, पुस्तक उघडलं आणि म्हणाले, "बस. पण सोपी वाक्यं देणार नाही हं." सोपी दिली नाहीत. मुद्दाम शेवटच्या धड्यातली काढली. ती जीभ बाहेर काढून लिहीत होती आणि मी दाराशी उभी राहून बोटं चावत होते.

तपासताना त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवलं. एकदा थांबले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, आणि पुढे गेले. मग लाल पेन्सिलीनं शंभर लिहिले आणि त्याभोवती एवढं मोठं वर्तुळ काढलं की कागद पुरेना. म्हणाले, "मग आता तुला खाली दुसरीत कशाला पाठवायचं? तिसरीचं येतंय की."

"हे ताईचे आहेत," दाल्ले म्हणाली. "माझं अजून काहीच झालं नाही. माझं दुसरीपासून."

गुरुजी माझ्यापाशी येऊन म्हणाले, "घोड्याच्या वर्षाची म्हणाली होती, मी हसलो होतो." एवढंच म्हणाले आणि कोट विसरून निघून गेले.

कागद सोबत पाठवते. तिनं घडी स्वतः घातली आहे, म्हणून वाकडी आहे.

गिसुक


सोलगे
२७ फेब्रुवारी

गिसुकबाई,

कचेरीचं काम झालं. गाडी संध्याकाळी आहे, तोवर इथल्याच बाकावर बसून लिहिते.

साक्षीला शेजारचे म्हातारबाबा आले आणि दाल्लेच्या वेळची सुईण आली. सुईणीनं सगळ्या रस्त्यात मला बोलणी खायला घातली, की आधी का नाही आलीस. कारकून पोरगेलासा होता, केसांना तेल लावून चापून बसवलेले. दाल्लेची नोंद आधी केली. म्हणाला, "दाल्ले? हे भाजीचं नाव घालू?" मी म्हटलं, "घाला, तिला आवडतं." घातलं. घोड्याचं वर्ष, वसंतातला महिना. शिक्का बसला. ती नोंद दोन दिवसांत शाळेकडे जाईल, तुम्ही हेडमास्तरांच्या दारात बसायची तयारी ठेवा.

मग त्यानं दुसरं पान काढलं. तिथे तिचं नाव होतं, सासऱ्यांच्या आणि तिच्या वडिलांच्या नावाखाली. मी पहिल्यांदाच बघितलं. एवढंसंच असतं. कारकून विचारत गेला आणि मी सांगत गेले. कधी गेली, कशानं गेली. मी रडले नाही, सुईण रडली. शेवटी विचारलं, "वय?" मी म्हटलं, "तीन वर्षं."

"तीन," तो लिहिता लिहिता स्वतःशीच म्हणाला. "म्हणजे शाळेत वगैरे काही नाही."

मी म्हटलं, "गेली होती."

त्यानं मान वर केली. समजावल्यासारखं म्हणाला, "मावशी, तीन वर्षांची मुलगी शाळेत कशी जाईल?"

मी पिशवीतून कागद काढला आणि त्याच्या टेबलावर घडी उलगडून ठेवला. त्यानं वरचं नाव वाचलं. नोंदीतलं नाव वाचलं. मग ते लाल वर्तुळ बघत राहिला. म्हातारबाबा उठून जवळ आले, त्यांना वाचता येत नाही, पण वर्तुळ कळतं. मला म्हणाले, "कुणाचे गं एवढे?"

"योनसिमचे," मी म्हटलं. "तिची बहीण घेऊन गेली होती तिला."

छन मालसुन